बासष्ट मिलिग्रॅम

त्या वर्षी आमच्याकडे दोन गोष्टी बंद पडल्या. फेब्रुवारीत नवऱ्याचं हृदय आणि जूनमध्ये मी जिथे काम करत होते ती प्रयोगशाळा. पहिल्याचं कारण डॉक्टरांनी एका ओळीत लिहून दिलं, दुसऱ्याचं कंपनीने चार पानांत. नवरा शाळेत खेळाचा शिक्षक होता, रोज सकाळी मैदानाला सहा फेऱ्या मारायचा, त्यामुळे त्या एका ओळीवर कुणाचा विश्वास बसला नाही. चार पानांवर मात्र सगळ्यांचा लगेच बसला.

प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं वजनं तपासली. दुकानदार एक किलोचं म्हणून जे वजन पारड्यात टाकतो ते खरोखर एक किलो आहे की नाही, हे कुणाला तरी बघावं लागतं. ते बघणारी मी होते. निरोपाच्या दिवशी इतरांना भिंतीवरची घड्याळं मिळाली. मी मागितलं म्हणून मला शंभर ग्रॅमचं एक स्टीलचं प्रमाण वजन मिळालं, मखमलीच्या डबीत, त्याच्या प्रमाणपत्रासकट. पुढे यंत्रांचा लिलाव झाला तेव्हा मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा एक काटा आणि पितळी वजनांची एक पेटी मी घेतली. पुकारणाऱ्याने विचारलं, "बाई, घरी काय तोलणार?"

"वजनं," मी म्हणाले. त्याने हातोडा आपटला.

आमच्या घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि सासूबाई. काट्याला हादरा चालत नाही, म्हणून मी दोन दिवस पाण्याने भरलेली वाटी घेऊन घरभर फिरले. जिथे पाणी सर्वांत कमी थरथरेल ती जागा काट्याची. ती जागा निघाली नवऱ्याच्या पलंगाची.

"त्याचा पलंग हलवणार तू?" सासूबाईंनी विचारलं.

"पाणी तिथेच थांबतंय, आई."

"पाणी थांबतंय म्हणे," त्या म्हणाल्या, आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पलंगाचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. आम्ही तो बाहेरच्या खोलीत नेला आणि त्याच्या जागी दगडी फरशीवर काटा बसवला. तरीही शेजारच्या शिंप्याचं यंत्र चालू असलं की शेवटचा आकडा डळमळायचा. म्हणून मी दुपारी एक ते दोन या वेळात तोलायचं ठरवलं. तेव्हा शिंपी जेवतो.

सासूबाईंनी फेब्रुवारीपासून रडण्याऐवजी घासायला घेतलं होतं. आधी भांडी, मग नळ, मग कड्या, बिजागऱ्या, खिडक्यांचे गज. मे महिन्यात त्यांनी दारावरची घरनंबराची पितळी पाटी घासली. आता तो नंबर उन्हात तिरकं उभं राहिलं तरच वाचता येतो. पोस्टमनला सवय झाली आहे. ज्याला जे जमतं ते त्याने करावं, असं मला तेव्हा वाटत होतं.

परवान्याच्या अर्जात व्यवसायाचं नाव विचारलं होतं. मी लिहिलं, 'वजनकाटे तपासणी व दुरुस्ती'.

"हे नाव नाही, हे काम झालं," खिडकीतला कारकून म्हणाला.

"दोन्ही एकच आहे."

"लोक आपल्या मुलाबाळांची नावं देतात, देवाची देतात."

"त्यांना काटे दुरुस्त करता येत नाहीत," मी म्हणाले. त्याने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

पहिलं गिऱ्हाईक भंगारवाला. "काटा बरोबर करायचाय," तो म्हणाला. मी वजनं काढली तसा तो खाली वाकून हळूच म्हणाला, "बरोबर म्हणजे, कुणाच्या बाजूने बरोबर?" मी त्याला सांगितलं की तसा प्रकार माझ्याकडे नाही. तो जरा हिरमुसला, पण काम करून घेतलं. त्यानंतर दोन फळवाल्या आल्या. त्यांना मिलिग्रॅमची फिकीर नव्हती, काटा पावसात भिजला होता एवढंच. एवढ्यावर व्यवसाय म्हणता येत नाही. व्यवसाय होणार होता तो सोनारांच्या गल्लीत.

त्या गल्लीत अकरा दुकानं आहेत. त्यांचे काटे तीस वर्षं ठोकेमामांनी सांभाळले. मूळ नाव कुणाला माहीत नाही. गल्ली त्यांना पाठीमागे ठोक्या म्हणते आणि तोंडावर ठोकेमामा, कारण कुठलाही काटा समोर आला की ते आधी त्याला हाताने ठोकून बघतात. मागच्या वर्षी त्यांच्याकडून एक गोष्ट घडली. वजनं जुनाट दिसतात म्हणून त्यांनी ती चंदेरी तैलरंगाने रंगवली. रंगालाही वजन असतं. वजनमापं खात्याच्या इन्स्पेक्टरने पकडलं, आणि गल्ली त्यांच्या हातून गेली.

सोनारांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. सत्तरीचे, बारीक अंगाचे, गळ्यात दोरीने भिंग अडकवलेलं. "तीन महिने बघू," ते म्हणाले. "तक्रार आली नाही तर वर्षाचा करार. आली तर राम राम."

मी घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं. गल्ली मिळाली तर आमचं दोघींचं निभत होतं; नाही मिळाली तर एक भंगारवाला आणि दोन फळवाल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी काय करू?"

"काही नाही, आई. फक्त त्या पेटीतल्या वजनांना कधी उघडा हात लावू नका. हाताला घाम असतो, तेल असतं. त्याने वजन बदलतं." कधी पेटी हलवावी लागली तर असावेत म्हणून मी त्यांना पांढऱ्या सुती हातमोज्यांचा एक जोड दिला. त्यांनी तो घडी करून आपल्या उशीखाली ठेवला.

पुढच्या तीन आठवड्यांत मी अकराच्या अकरा दुकानं केली. काम सोपं असतं. काट्यावर शंभर ग्रॅमचं वजन ठेवायचं आणि काट्याला सांगायचं की हे शंभर आहे. काटा विश्वास ठेवतो. मग मी प्रमाणपत्र लिहायचे, तारीख टाकायचे, सही करायचे. गल्लीतल्या लोकांना माझं हळू बोलणं आधी विचित्र वाटलं, मग तेही माझ्याशी हळू बोलायला लागले.

वजनांची स्वतःची तपासणी मी महिन्यातून एकदा ठेवली होती. प्रयोगशाळेत आम्ही ती दर आठवड्याला करायचो, पण तिथे आम्ही चौघं होतो. घरी मी एकटी, म्हणून महिन्याला. हे वेळापत्रक मीच केलेलं होतं, हे इथे सांगून ठेवते.

महिन्याच्या एक तारखेला दुपारी सव्वा वाजता मी मखमलीच्या डबीतलं स्टीलचं वजन काट्यावर ठेवलं. बरोबर शंभर. मग पेटीतलं शंभर ग्रॅमचं पितळी वजन ठेवलं. काट्याने नव्याण्णव पूर्णांक नऊशे अडतीस दाखवलं. बासष्ट मिलिग्रॅम कमी. अशा वजनाला पाच मिलिग्रॅमच्या फरकाची सूट असते.

आधी मी काट्याला दोष दिला. काटा दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही तेच म्हणाला. मग शिंप्याला, शिंपी जेवत होता. मग पंख्याला, पंखा बंद होता. मग स्वतःला, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ते वजन चिमट्याने उचलून उजेडात धरलं. त्यात मला माझा चेहरा दिसला. तसा तो दिसायला नको. नाकाजवळ नेलं. लिंबाचा वास आला.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई शेंगा सोलत होत्या.

"आई, माझ्या वजनांना हात लावला होता का?"

"छे गं! तू सांगितलंयस ना."

"मग ती चकचकीत कशी झाली?"

"घासली," त्या म्हणाल्या. "हातमोजे घालून. एकदाही उघडा हात लावला नाही."

मी खाली बसले. "कशाने?"

"लिंबू, मीठ, आणि जिथे डाग जाईना तिथे जराशी बारीक वाळू. दर रविवारी, तू अंघोळीला गेलीस की. चार रविवार झाले." त्यांना माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण त्या भराभर बोलायला लागल्या. "अगं, केवढी काळवंडली होती! तशी वजनं घेऊन सोनाराच्या दुकानात शिरलीस तर कोण उभं करील तुला? माणसं आधी वस्तू बघतात, मग माणूस बघतात."

मी त्यांना समजावून सांगितलं. घासलं की पितळ जातं. थोडं जातं, पण जातं. माझं शंभर आता शंभर नाही. त्याला शंभर म्हणायला मी अकरा काट्यांना शिकवलं आहे. पहिल्या दुकानाच्या वेळी एकच रविवार झाला होता, शेवटच्या वेळी चारही झाले होते, त्यामुळे प्रत्येक काटा वेगवेगळ्या मापाने चुकला आहे. अध्यक्षांनी तक्रार आली तर राम राम म्हटलं आहे.

सासूबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. हाताचे तळवे पदराला पुसले.

"त्याची शिट्टी पण मी दर रविवारी घासते," त्या म्हणाल्या.

नवऱ्याची मैदानावरची पितळी शिट्टी त्यांच्या कपाटात असते, हे मला माहीत होतं. घासतात हे माहीत नव्हतं.

"तिचं पण गेलं असेल ना?"

"गेलं असेल."

"किती?"

"ते नाही सांगता येणार, आई. आधीचं वजन आपल्याला माहीत नाही. आधीचं माहीत नसेल तर किती गेलं ते निघत नाही."

मला अजूनही वाटतं की याहून बरं काहीतरी म्हणता आलं असतं. पण उत्तर तेच होतं.

त्या उठल्या, कपाटातून शिट्टी आणली आणि माझ्यापुढे धरली. हातात हातमोजा होता. "मग आजचं तरी घे," त्या म्हणाल्या.

दोनला दहा मिनिटं कमी होती. मी शिट्टी काट्यावर ठेवली. अठरा पूर्णांक चारशे सात ग्रॅम. सासूबाईंनी तो आकडा माझ्या वहीत लिहायला लावला, तारखेसकट, आणि मी लिहीत असताना बोट ठेवून वाचला. मग शिट्टी परत कपाटात ठेवून त्या शेंगा सोलायला बसल्या. पलीकडे शिंप्याचं यंत्र सुरू झालं.

माझी वजनं आता सरकारी प्रयोगशाळेत पाठवावी लागणार होती. तिथून यायला सहा आठवडे लागतात. तोवर अकरा काटे चुकीचे ठेवता येत नव्हते. माझ्याकडे खरं असं एकच वजन होतं, मखमलीच्या डबीतलं, आणि एका वजनाने काटा पूर्ण जुळत नाही, नंतर लहानमोठ्या वजनांनी पडताळावा लागतो. मला दुसऱ्या कुणाची तरी पेटी हवी होती. आमच्या गावात काटे दुरुस्त करणारी माणसं दोन. त्यांतली एक मी.

ठोकेमामांचं दुकान जिन्याखाली आहे. गल्ली गेल्यापासून ते मिक्सर आणि पंखेही दुरुस्तीला घेतात. मला बघून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"या बाई. माझी गल्ली बरी आहे ना?" ते अजून तिला आपलीच म्हणतात.

मी सगळं सांगितलं. हातमोज्यांपाशी आले तेव्हा ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"मी रंग लावला, तुमच्या सासूबाईंनी पितळ उतरवलं," ते म्हणाले. "आपल्या धंद्याला बाहेरचा दुश्मन नकोच."

"तुम्हाला रंग लावायला कुणी सांगितलं होतं?"

"बायकोने. म्हणाली, गिऱ्हाईक बघतं." ते पुन्हा हसणार होते, पण राहिले. "नवीन पेटी घेतलीय मी. कोरी. रंग नाही, काही नाही. तिच्यापासून लपवून ठेवतो. हवी तर देतो, पण पेटी माझ्या हातातून सुटणार नाही. मी बरोबर येईन."

"चालेल. पण आधी मी ती माझ्या काट्यावर तपासणार."

"तपासा की! तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तर ही पाळी आली."

दुसऱ्या दिवशी एक ते दोनच्या मध्ये मी त्यांची वजनं तपासली. सगळी मर्यादेच्या आत होती. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आत आल्या नाहीत. ठोकेमामांनी पेटी बंद केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आता ऐका माझं. गुपचूप जाऊ. महिन्याची तपासणी आहे म्हणायचं, काटे जुळवायचे, नवीन प्रमाणपत्र द्यायचं, मोकळं व्हायचं. कुणाला कळतंय?"

"तुम्हाला रंगाचं केव्हा कळलं होतं, मामा?"

"आठवड्याने."

"आणि इन्स्पेक्टर केव्हा आला?"

"आठ महिन्यांनी." त्यांनी पेटीवरून हात फिरवला. "चांगले गेले आठ महिने. खोटं नाही सांगत. गप्प बसलं की आठ महिने मिळतात, माझा अनुभव."

"अनुभव एकच आहे. त्यावरून काही म्हणता येत नाही."

"अहो पण माझं चुकीचंच राहिलं होतं! तुमचं तर उद्या बरोबर होईल. मग सांगायचं कशाला?"

मी एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईने तारीख टाकली होती, आणि त्यांना पत्रं पाठवली होती, आणि त्यांतल्या कुणी फोन करून 'आता झालंय बरोबर, जाऊ द्या ना' म्हटलं की फोन ठेवून दिला होता. "अकरा प्रमाणपत्रांवर माझी सही आहे," मी एवढंच म्हणाले.

"म्हणजे गल्ली गेली तुमची."

"जाईल कदाचित."

"मग मी पेटी कशाला आणतोय?" ठोकेमामांनी विचारलं, पण पेटी उचलली.

मी अकरा पत्रं लिहिली. अमुक ते अमुक तारखेपर्यंत केलेली जुळणी चुकीच्या वजनाने झाली आहे. चूक शंभर ग्रॅममागे जास्तीत जास्त बासष्ट मिलिग्रॅम. काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. जुनं प्रमाणपत्र रद्द. कारण या रकान्यात मी 'वजनांची झीज' लिहिलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, "झीज म्हणजे मीच ना?" मी म्हणाले, "झीज म्हणजे झीज."

पहिलं दुकान दोघा भावांचं. थोरल्याने पत्र मोठ्याने वाचलं. धाकट्याने विचारलं, "म्हणजे आपला फायदा झाला की तोटा?"

"विकताना फायदा, जुनं सोनं घेताना तोटा," मी सांगितलं.

"मग सारखंच झालं."

"सारखं नाही झालं. दोन चुका झाल्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठोकेमामा पेटी उघडत म्हणाले, "बाई अशाच आहेत. चला, काटा पुढे घ्या."

तिसऱ्या दुकानदाराने पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. "दहा ग्रॅमच्या अंगठीत किती?"

"सहा मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याचा चौथा हिस्सा."

"आणि त्यासाठी तुम्ही ह्या उन्हात अकरा दुकानं फिरताय?"

"हो."

"घरी सगळं ठीक आहे ना?" त्याने खरोखर काळजीने विचारलं. मी ठीक आहे म्हणाले. पाचव्या दुकानातल्या बाईंनी जुनं प्रमाणपत्र माझ्या देखत टराटरा फाडलं आणि तुकडे माझ्या हातात दिले. मला ते रद्दचा शिक्का मारून वहीला लावायचं होतं. मी तुकडे नंतर घरी चिकटवले.

नवव्या दुकानात गडबड झाली. तिथे एक बाई गिऱ्हाईक म्हणून बसल्या होत्या, हातात नुकतीच घेतलेली साखळी. दुकानदार गोरामोरा झाला. "नंतर या, नंतर," तो ओठातल्या ओठात म्हणाला. पण पत्र मी तोवर टेबलावर ठेवलं होतं आणि त्या बाईंना चष्म्याशिवायही वाचता येत होतं.

"माझी साखळी चुकीची तोलली?" त्यांनी विचारलं.

"साधारण नऊ मिलिग्रॅमने," मी म्हणाले. खोटं बोलायचं नाही एवढंच नाही, अंदाज विचारला तर तो द्यायची मला सवय आहे.

त्या बाई साखळी टेबलावर ठेवून, पैसे परत घेऊन निघून गेल्या. दुकानदार उभा राहिला. "तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक! नऊ मिलिग्रॅमपायी! बाई, तुम्हाला तोंड आहे की काटा आहे?" त्याने आम्हाला काट्याला हात लावू दिला नाही. आम्ही पायरी उतरलो तेव्हा तो अध्यक्षांना फोन लावत होता. ही तक्रार झाली. मी वहीत वेळ लिहून घेतली, अकरा वाजून चाळीस मिनिटं.

चार वाजता समिती अध्यक्षांच्या दुकानात बसली. पाच माणसं, एक पंखा. नववा दुकानदार दारातच उभा होता, बसायला तयार नव्हता. ठोकेमामा स्टुलावर, पेटी मांडीवर. अध्यक्षांनी माझं घासलेलं वजन मागून घेतलं आणि भिंग डोळ्याला लावलं. ते वजन त्यांनी इतका वेळ फिरवून पाहिलं की पाचांपैकी एकाने घड्याळ बघितलं.

"हात चांगला आहे," शेवटी ते म्हणाले. "कुठे कड मोडलेली नाही. गोल गोल, सारख्या दाबाने. आमच्या पॉलिशवाल्याला दहा वर्षं सांगतोय मी हे." त्यांनी भिंग सोडलं. "घासलं की घट येते, हे आम्हाला काय शिकवता. आमचा झाडलेला कचरासुद्धा आम्ही विकतो. कुणी घासलं?"

"माझ्या घरी झालं. तपासणी महिन्याने ठेवली होती, ती आठवड्याने हवी होती. चूक माझी."

"मी विचारलं, कुणी घासलं."

"ते पत्रात नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो प्रश्न सोडून दिला.

"काढून टाका," नववा दुकानदार दारातून म्हणाला. "तीन महिन्यांत तक्रार आली तर राम राम, असं ठरलं होतं. मी तक्रार केलीय."

"आणि आणायचं कुणाला?" एकाने विचारलं. "परत ठोक्याला?"

"मी इथेच बसलोय," ठोकेमामा म्हणाले.

"मामा, तुम्ही आठ महिने तोंड उघडलं नाहीत!"

"म्हणून तर नुसता बसलोय."

"ह्या बाई एक दिवस गप्प बसायला तयार नाहीत," नववा म्हणाला, "आणि हा आठ महिने बसतो. माणूस म्हणून कुणाला बोलवायचं आम्ही?"

यावर सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं दुसऱ्या शहरातून माणूस आणू, कुणी म्हणालं त्याच्या येण्याजाण्याचं कोण बघणार, कुणी म्हणालं पूर्वी काटे असे नव्हतेच, तराजू होते आणि बरं होतं. मी खाली फरशीकडे बघत होते. फरशीच्या सांध्यांत सोन्याची धूळ बसलेली असते असं म्हणतात. मला दिसली नाही. मी मनात भंगारवाला आणि दोन फळवाल्या यांच्यापुढे आणखी कोण येऊ शकेल याची यादी करत होते. खाटिक, रद्दीवाला, पोस्ट. पोस्टाचे काटे खात्याकडे असतात. पोस्ट खोडलं.

अध्यक्षांनी बोटाने टेबलावर टकटक केलं. "मामांची पेटी तपासली आहे का?"

"काल," मी म्हणाले. "सगळी मर्यादेच्या आत."

"मामा, ह्या बाईंनी तुमची वजनं दर आठवड्याला तपासली तर चालेल?"

ठोकेमामांनी मांडीवरच्या पेटीकडे पाहिलं. "माझ्या देखत तपासली तर."

"मग असं करू. वजनं मामांची, वही बाईंची. एकाने ठेवायचं, दुसऱ्याने लिहायचं. दोघांच्या सह्यांशिवाय प्रमाणपत्र नाही. तीन महिने. आजपासून."

"आणि माझी तक्रार?" नववा म्हणाला.

"तुझी तक्रार मान्य. बाईंचे आधीचे दिवस गेले. आता नव्याने मोजायचे." मग ते माझ्याकडे वळले. "पटतंय?"

म्हणजे गल्ली गेली नव्हती, पण मिळालीही नव्हती, आणि जी राहिली तिचा निम्मा भाग जिन्याखालच्या दुकानात जाणार होता. मी पटतंय म्हणाले. ठोकेमामांना कुणी विचारलं नाही, ते आपणहून म्हणाले, "मला पण पटतंय."

घरी सासूबाई दारातच होत्या. मी सांगितलं. "म्हणजे अर्धी गल्ली," त्या म्हणाल्या.

"अर्धी. ती पण तीन महिन्यांसाठी."

"माझ्यामुळे."

"वेळापत्रक माझं होतं, आई."

त्यांनी ते मान्य केलं नाही आणि नाकारलंही नाही. "त्या माणसाची बायको पेटीला हात लावत नाही ना?"

"ते तिच्यापासून लपवून ठेवतात."

"शहाणा आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुझी परत आली की तू पण लपव. मला सांगू नकोस कुठे." आणि त्यांनी माझं जेवण वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही नवव्या दुकानात गेलो. काटा अजून चुकीचाच होता. दुकानदाराने हाताची घडी घातली आणि भिंतीला टेकून उभा राहिला, म्हणजे बोलणार नाही पण सगळं बघणार. मी वही उघडली, तारीख घातली. ठोकेमामांनी पेटीतून शंभर ग्रॅमचं वजन काढलं आणि सवयीने काट्यावर ठक्कन ठेवलं.

"हळू, मामा."

"तीस वर्षं असंच ठेवतोय."

"म्हणूनच म्हणते."

त्यांनी नाक फेंदारलं. दुकानदार पहिल्यांदाच जरासा हसल्यासारखा वाटला, पण मी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. ठोकेमामांनी वजन उचललं, काटा शून्यावर आला, आणि या वेळी त्यांनी ते दोन बोटांनी असं ठेवलं की आवाजच झाला नाही. मग हात मागे घेतले. आकडे वरखाली पळायला लागले. बाहेरून एक हातगाडी गेली, ते पुन्हा पळाले. आम्ही तिघंही ते थांबायची वाट बघत उभे राहिलो.